बुधवारी उतरलेली कावीळ

१

गुरुवारी सकाळी क्वाकू बेदियाकोचे डोळे पुन्हा पिवळे झाले, आणि त्याच्या खाटेमागे एक बाटली सापडली.

हृदयाच्या वॉर्डात सकाळची गडबड होती. छताचे पंखे कुरकुरत होते, फिनेलचा वास भिंतींना चिकटला होता. बाहेर कुमासी शहर हॉर्न वाजवत जागं झालं होतं. डॉक्टर ओफेइबेआ लार्बीनं क्वाकूची खालची पापणी बोटानं ओढली. पिकल्या पपईचा गर असावा तसा रंग. खाटेखालच्या भांड्यातली लघवी काळपट लाल, लाल अंबाडीच्या बोंडांचं सोबोलो सरबत कुणी ओतून ठेवल्यासारखी.

"काल तर उतरली होती," ती स्वतःशीच म्हणाली.

"काल ती नव्हती ना इथं!" मागून आवाज आला. क्वाकूचे आसारे मामा, खांद्यावरून कापड सोडलेले, हातात ती अर्धी रिकामी बाटली झेंड्यासारखी धरलेली. "बघा डॉक्टरीणबाई. कडू सालींचा काढा. खाटेमागं लपवला होता. मंगळवारी माझा भाचा पिवळा पडला, तेव्हाच मी त्याच्या बायकोला या दारातून हाकलली. बुधवारी ती नव्हती, तर पोरगा उजळला. आज पहाटे चोरासारखी आत शिरली, आणि आज बघा! आता आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? विष घालताना तिचा फोटो?"

उशीला टेकलेल्या क्वाकूनं ओठ हलवले. लोहारकाम करणारा पोरगा तो; हात अजून दणकट होते, पण आवाज पाचोळ्यासारखा झाला होता. "मामा, सेरवानं मला काही पाजलेलं नाही."

"तू गप्प बस. ज्याला पाजतात त्याला कळतं होय?"

तेवढ्यात सर्जन नार्ते आत आले. उंच, वाकलेले, डोळे जागरणानं तांबारलेले. लहानपणच्या सांधेतापानं खाल्लेली क्वाकूची हृदयाची झडप काढून त्यांनी स्वतःच्या हातांनी नवी बसवली होती. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, क्वाकूकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलंही नाही.

"लार्बी, उद्या सकाळी छाती पुन्हा उघडायची," ते म्हणाले. "मी सांगून ठेवलंय."

क्वाकूची आई फोसुआ, जिला सगळे 'मामे' म्हणजे आई म्हणत, पुढे झाली आणि तिनं लेकाच्या अंगावरचं पांढरं कापड त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं.

दुसऱ्यांदा उघडलेली छाती या पोराला सोसणार नाही, हे लार्बीला ठाऊक होतं. नार्तेंनाही ठाऊक होतं. त्यांनी डोळे वळवले, म्हणून तर तिला ते कळलं.

"उद्या सकाळपर्यंत वेळ आहे ना सर?" ती म्हणाली. "मग तोवर तो माझा."

२

सेरवा फाटकाबाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर बसली होती. शेजारी केंकीवाली पानात गुंडाळलेले मक्याचे गोळे विकत होती आणि मधूनमधून सेरवाच्या वतीनं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे रागानं बघत होती.

"बाटली माझीच आहे," लार्बी काही विचारायच्या आत सेरवा म्हणाली. हनुवटी वर. रडून झालेले डोळे कोरडे ठणठणीत. "माझ्या आईनं दिली. नवरा दवाखान्यात असला की बायकोचे पाय गळतात, म्हणाली, रोज घोट घेत जा. मी घेत गेले. त्याला थेंब दिला नाही."

"लपवली का?"

"कारण तुमची सिस्टर दोग्बे औषधाची बाटली दिसली की माणसासकट बाहेर टाकते!"

केंकीवाली फिस्सकन हसली. लार्बीनं पिशवीतून बाटली काढली. सेरवानं ती हिसकावून घेतली, बूच दातांनी उपटलं आणि उरलेला काढा घटाघटा, तोंड वेडंवाकडं करत, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. रिकामी बाटली बाकावर आपटली.

"घ्या. बसते मी इथंच. होते का पिवळी, बघा तुम्ही आणि बघू दे मामांना."

"अगं, यानं सिद्ध काय होणार?"

"सिद्ध तुम्ही करा. मी फक्त भीत नाही एवढं दाखवलं."

लार्बी तिच्याशेजारी बसली. ही पोरगी तिला आवडली होती, आणि तपासात आवडनिवड आली की बुद्धी लंगडते, म्हणून ती जरा कठोरपणे म्हणाली, "आज पहाटे आत का गेलीस?"

"त्याचे पाय चेपायला. झोपेत त्याचे पाय गार पडतात. चेपले, कापडाच्या कडेनं झाकले आणि आले. मामांनी मला हाकललंय दारातून, नवऱ्यातून नाही."

"खायला काही दिलंस?"

"रिकाम्या हातानं गेले होते. खायला-प्यायला सगळं सासूबाईच देतात, पहिल्यापासून. बुधवारीसुद्धा त्यांनीच दिलं."

लार्बी उठली. चार पावलं गेल्यावर मागून आवाज आला.

"डॉक्टर! उद्या ती ढकलगाडी आली ना त्याला न्यायला, तर मी तिच्यापुढं आडवी पडणार. सांगून ठेवते."

३

नार्ते हृदयाची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत होते. पडद्यावर नवी झडप उघडत होती, मिटत होती. तिच्या कडेला एक बारीक रंगीत धार दिसल्यासारखी वाटे, आणि नसल्यासारखीही.

"ही बघ. टाका सुटलाय. फटीतून रक्त जोरात घुसतं, तांबड्या पेशी आपटून फुटतात, म्हणून लघवी लाल, म्हणून डोळे पिवळे. तो म्हातारा बायकोला शिव्या घालतोय, आणि गुन्हेगार इथं बसलाय." त्यांनी स्वतःचे हात टेबलावर पालथे ठेवले. "माझी चूक आहे. मीच निस्तरणार."

लार्बीला त्या हातांची दया आली. मोठ्या मनाचा माणूस चुकतो, तेव्हा त्याला अडवणं फार अवघड असतं. तो स्वतःलाच फाशी द्यायला निघालेला असतो.

"तुमचं अर्धं बरोबर आहे," ती म्हणाली. "ही यकृताची कावीळ नाही. पेशी फुटतायत, हे मलाही मान्य. म्हणजे सेरवाचा काढा सुटला. काढ्यानं यकृत बिघडलं असतं, आणि याचं यकृत ठणठणीत आहे. दिलेल्या रक्तातून काही रोग आला म्हणावं, तर तो इतक्या लवकर डोकं वर काढत नाही. उरली तुमची झडप."

"मग?"

"सर, सुटलेला टाका बुधवारी सुट्टी घेत नाही."

नार्तेंनी वळून बघितलं.

"मंगळवारी लघवी लाल, बुधवारी उतरली, आज पुन्हा लाल. फट पडली तर ती पडली. एक दिवस बुजून दुसऱ्या दिवशी कशी उघडेल? काहीतरी बाहेरून येतंय. बुधवारी ते आलं नाही."

"बुधवारी फक्त त्याची बायको आली नाही," नार्ते थकून म्हणाले. "त्या म्हाताऱ्याचं तरी काय चुकलं मग? आणि बाहेरून येतंय म्हणतेस, तर ते सोसू न शकणारा रक्ताचा जन्मजात दोष हवा. तो मी मंगळवारीच तपासला. अहवाल चांगला आहे."

"ऑपरेशनच्या आधी तपासला होता?"

"तेव्हा तपासणीचं रसायन संपलं होतं."

लार्बी दारात थबकली. काहीतरी तिच्या मनाच्या कडेला आलं आणि निसटलं.

"उद्या सकाळी, लार्बी," नार्ते तिच्या पाठीला म्हणाले. "रक्त असंच उतरत राहिलं तर मी थांबू शकणार नाही. मला नाव सांग, नाहीतर चाकू दे."

४

आसारे मामा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, दरबार भरल्यासारखे. मामे फोसुआ जमिनीवर पाय पसरून वांगी चिरत होती. डॉक्टर आलेली बघून तिनं पातेलं बाजूला सारलं.

"मामा, बाटली तुम्हाला कशी सापडली?"

"शोधली म्हणून सापडली! तुमच्या सिस्टरना खाट झाडता येते, खाटेमागं बघता येत नाही."

"तुमचा आमच्यावर विश्वास दिसत नाही."

"नाहीच!" मामांनी मांडीवर थाप मारली. "तरुणपणी खाणीच्या दवाखान्यात हिवतापाची गोळी दिली मला. गोळी कसली, शाप! लघवी रक्तासारखी, डोळे हळदीसारखे. माझ्या आईनं घरी नेऊन वाचवलं. तेव्हापासून गोळी म्हटली की मी उठून जातो."

लार्बीची नजर क्षणभर त्यांच्या डोळ्यांवर थांबली. मग ती फोसुआकडे वळली.

"मामे, क्वाकू आधी कधी पिवळा पडला होता?"

"मूल असताना पडला होता की. आठव्या दिवशी नाव ठेवायला त्याला पहिल्यांदा उजेडात आणलं, कापडात गुंडाळून. सगळं गाव म्हणालं, काय तेज आहे! दोनच दिवसांत ते तेज पिवळं झालं. सकाळच्या उन्हात धरून धरून बरा केला मी. माझा धाकटा भाऊ मात्र तसाच गेला होता, तान्हाच. आईच्या पदरातून म्हणता म्हणता निसटला." ती वांग्याचा देठ हातात फिरवत राहिली.

"आणि काल, बुधवारी? बुधवारी तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काय करणार? रस्सा आणला, कंद कुटून त्याचं फुफू आणलं. पोराचा हात थरथरला, रस्सा सांडला सगळा पांघरुणावर. मटणाचा तेलकट डाग! मग ते धुवायला घरी नेलं. दुसरं काही नाही, बाई. दिवसभर इथंच होते."

"कुणी नवं भेटायला आलं? प्रसादाचं पाणी, अंगाला लावायचं तेल?"

"माझ्या भाच्याला तेल कोण लावणार?" मामा गरजले. "तुम्ही आमच्या घरातच काय शोधताय? चोर बाहेरून आलेला आहे. परक्या घराची पोरगी आहे ती!"

"परक्या घराची आहे, हे खरं," लार्बी शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तिच्यावर माझा संशय नाही."

मामांना काही कळलं नाही. लार्बीलाही आपण हे का म्हटलं ते अजून पुरतं कळलं नव्हतं.

५

दुपारी वॉर्ड पेंगत होता. लार्बी क्वाकूच्या छातीवर वाकली आणि नवी झडप ऐकू लागली. टक, टक, कुणी बारीक नखानं दार वाजवावं तसा स्वच्छ आवाज. फटीतून सुटलेल्या रक्ताची फुसफुस नव्हती.

ती वाकलेलीच राहिली. क्वाकूच्या गळ्यापर्यंत ते पांढरं कापड ओढलेलं होतं, जाड, हातमागाचं, आजीच्या आजीचं असावं असं. जिंकून आलेल्याला पांढरं गुंडाळायचं, ही इथली रीत. आयसीयूतून जिवंत बाहेर आलेल्या पोराला आईनं सोमवारी तेच केलं होतं.

आणि लार्बीला अकारण तिची आजी आठवली.

आजीच्या मयताला जमलेल्या बायका. इस्टरची सकाळ. धाकट्या बहिणीच्या बारशाचं अंगण. आईनं पितळी कडीची पेटी उघडून त्यातून हळूच, झोपलेलं मूल उचलावं तसं, एकेक कापड काढणं. सगळं एकदम, वाऱ्यासारखं अंगावर आलं. लार्बीचे डोळे भरले.

मग ती चमकली. मी आजीकडे का गेले? कुणी नेलं मला?

तिनं नाक कापडात खुपसून पुन्हा श्वास घेतला.

आयुष्यभर नाकाशी असलेला वास. सणाचा, मानाचा, आईचा. घराचा वास घरच्या माणसाला येतच नाही. या वॉर्डातल्या प्रत्येकाची आई याच वासातून बाहेर पडते. मग कुणाला यावा?

"सिस्टर दोग्बे!" ती अशी ओरडली की पेंगणारा वॉर्ड ताडकन उठून बसला. "हे कापड काढा याच्या अंगावरून. आत्ताच्या आत्ता. त्याला आंघोळ घाला आणि खिडकीपाशी न्या!"

फोसुआ धावत आली. "अहो, ते माझ्या आईचं कापड आहे! त्याला हात लावाल तर बघा!"

"मामे," लार्बीनं तिचे दोन्ही हात धरले, "बुधवारी धुतलंत ते. मग रात्री कुठं ठेवलंत?"

"कुठं म्हणजे? एवढं मानाचं कापड, दोरीवर रात्रभर टाकू होय? पेटीत ठेवलं. होतं तिथंच."

"आणि पेटीत आणखी काय असतं?"

फोसुआनं वेड्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

"डांबरगोळ्या," ती म्हणाली. "मूठ मूठ. नाहीतर कसर लागते."

६

संध्याकाळी लार्बीनं सगळ्यांना नार्तेंच्या खोलीत बसवलं. सेरवालाही बोलावलं, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. ज्यांनी हाकललं त्या मामांनी अजून आत ये म्हटलं नव्हतं.

"सोमवारी कापड अंगावर आलं," लार्बी म्हणाली, "मंगळवारी क्वाकू पिवळा झाला. बुधवारी कापड घरी गेलं, कावीळ उतरली. ते रात्रभर पेटीत मुरून आज पहाटेच परत आलं, आणि लघवी लाल. सेरवा योगायोगानं त्याच वाटेनं गेली आणि आली. तुम्ही माणूस मोजलंत मामा, कापड मोजलं नाहीत."

"कापडानं कुणी मरतं होय?" मामा ओरडले. "आम्ही सगळे त्याच कापडांत वाढलो!"

"सगळे नाही. डांबरगोळ्यांची वाफ बहुतेकांना काही करत नाही. पण काही घराण्यांत रक्तातल्या तांबड्या पेशींचं कवच जन्मतःच कच्चं असतं. आई धडधाकट असते, पण तिच्या पोटातून ते मुलग्यांकडे येतं. एरवी माणूस लोखंड ठोकतो, झाडं तोडतो, कळतही नाही. मग कधी ही वाफ लागते, कधी हिवतापाची एखादी गोळी, आणि पेशी पटापट फुटतात."

मामांनी हळूच खुर्चीचा हात धरला.

नार्ते पुढे झुकले. "लार्बी, मी ते तपासलंय. कच्चं नाही."

"मंगळवारी तपासलंत, सर. ऑपरेशनमध्ये त्याला बाटल्या बाटल्या रक्त दिलंत. तुम्ही नळीत घेतलंत त्यात परक्यांच्या चांगल्या पेशी होत्या, आणि त्याच्या स्वतःच्या कच्च्या पेशी तर आधीच फुटून गेलेल्या. पाहुण्यांनी घराची अब्रू राखली. क्वाकूचं रक्त आज खरं बोलणार नाही. पण याच आईच्या आईचं रक्त ज्याच्या अंगात आहे, असा दुसरा पुरुष या खोलीत बसलाय. त्याला कुणी बाटली चढवलेली नाही."

सगळ्यांच्या माना एकदम आसारे मामांकडे वळल्या.

मामा उठून उभे राहिले. "माझं रक्त मागतेस? मी या घराचा वडील आहे!"

"म्हणूनच मागते. सकाळपासून तुम्ही बाहेरचा चोर दाखवताय. मी म्हणते, घर तपासा. तुम्ही खरे असाल तर नळीत दिसेल, मी सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन. हात पुढं करायला भीती वाटते?"

"सुईला कोण भितो?" मामांनी कापडाचा सोगा खांद्यावर फेकला आणि हात असा पुढे केला, जणू काही तलवारीवरच ठेवत होते. डोळे मात्र घट्ट मिटले.

नळी प्रयोगशाळेत गेली. फोसुआ भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मीच गुंडाळलं," ती पुटपुटत राहिली. "मीच. तान्हा असतानाही मीच. माझ्या धाकट्या भावालाही आईनं त्याच..." उंबऱ्याबाहेरच सेरवा खाली बसली, हात लांबवून तिनं सासूच्या पाठीवर ठेवला. आत आली नाही.

नार्तेंनी आलेला कागद वाचला. मग चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचला.

"कच्चं," ते म्हणाले. "पार कच्चं."

मामांनी आपल्या दंडावरच्या कापसाच्या बोळ्याकडे बघितलं, जणू तो बोळाच बोलला होता.

"तरी मामाचं रक्त मामाचं," नार्ते उठले. "गाडी सकाळी येईल. तुझं खरं असेल, तर लघवी सांगेल. खोटं असेल, तर मी उघडणार. यापुढं माझ्याशी भांडू नकोस."

"लघवीशीच भांडा," लार्बी म्हणाली.

७

शुक्रवारी ढकलगाडी वेळेवर आली, हिरवी चादर ताणलेली. आणि वॉर्डाच्या दारात, गाडीच्या बरोबर पुढे, सेरवा हात फाकून उभी होती.

"बाजूला हो गं," गाडीवाला म्हणाला.

"माझ्यावरून ने."

आत नार्ते खिडकीपाशी उभे होते. त्यांनी भांडं उजेडात धरलं. रंग पातळ चहाचा होता, दूध न घातलेल्या. मागे मान टाकून, आईनं भरवलेली लापशी गिळता गिळता क्वाकू त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघत होता. सकाळच्या तपासणीत रक्त आणखी उतरलेलं नव्हतं. जिथं होतं तिथं टिकून होतं.

नार्तेंनी भांडं उजेडात आणखी एकदा फिरवून बघितलं. मग त्यांनी भांडं अगदी जपून, भरलेल्या समईसारखं, खाली ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"टाका धरलाय," ते हलकेच म्हणाले. "गाडी परत न्या."

सिस्टर दोग्बेनं डोळे पुसले आणि ते कुणी बघितलं म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला उगीच रागावली. फोसुआ लेकाच्या पायांवर कोसळली. लार्बीनं तिला उठवलं. "मायेनंच गुंडाळलंत, मामे. यापुढं उन्हात धुऊन, उन्हातच वाळवून गुंडाळा. आणि घरातल्या प्रत्येक मुलग्याला माझ्याकडे आणा."

आसारे मामा खांबाला टेकून उभे होते. लार्बी त्यांच्यापाशी गेली आणि दाराकडे बघत राहिली. मामांनी घसा साफ केला, पुन्हा केला.

"ये आत," ते पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटले.

"काय म्हणालात?" सेरवानं दारातूनच विचारलं. "मला काढलंत तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता, मामा. केंकीवालीनं ऐकला होता."

वॉर्डात कुणी हसलं, कुणी "खरंय, खरंय" म्हटलं. क्वाकू खोकत खोकत म्हणाला, "मामा, माझ्या छातीला टाके आहेत, मला हसवू नका. बोलवा तिला."

मामा ताठ झाले. मग पंचायतीपुढे आदरानं उभं राहिल्यासारखा त्यांनी उजवा खांदा उघडा केला, छाती भरली आणि पंख्यांच्या वर, हॉर्नांच्या वर, फाटकाबाहेरच्या कडुलिंबापर्यंत जाईल असा आवाज काढला:

"सेरवा! बेदियाकोच्या बायको! दोष आमच्या रक्तात होता, तुझ्या हातात नव्हता. हे घर तुझं आहे. आत ये!"

बाहेरून केंकीवालीची आरोळी आली. सेरवानं कमरेचा एक धक्का देऊन ती रिकामी गाडी व्हरांड्यात दूर ढकलून दिली, आणि ती आत आली.